पंचवीस लाल टिळे

बत्तिसाव्या गाईच्या आत खांद्यापर्यंत गेलेला हात चिमणीने बाहेर काढला, लांबलचक हातमोजा उलटा करून बादलीत टाकला आणि गाईच्या पाठीवर लाल रंगाचा फवारा मारला. गोल, नीटस. सवाष्णीच्या कपाळी शोभावा असा टिळा.

पंचवीस गाभण, सात भाकड. जनावरांच्या डॉक्टरकीसाठी परदेशी येऊन तिला चार महिने झाले होते. पण अख्खा कळप एकटीने तपासायची ही पहिलीच वेळ. एरवी सोबत असणाऱ्या डॉक्टरीणबाई सकाळीच एका अडलेल्या घोडीकडे धावल्या होत्या. जाताजाता गाडीच्या खिडकीतून ओरडल्या, "गाभण आणि भाकड यांना वेगळ्या रंगाची खूण कर. डबे गोठ्यात आहेत. आणि मालकीणबाईंना सांभाळ गं. त्यांनी चांगला शेरा दिला तरच तुझा या गोठ्यावरचा शिकाऊ महिना धरला जाणार."

डबे दोन निघाले, लाल आणि निळा. यात विचारायचं काय? पोटात वासरू म्हणजे मंगल, मंगल म्हणजे लाल. तिच्या घरी हे पाळण्यातल्या लेकरालाही कळलं असतं. उरलेल्या सात बिचाऱ्यांना निळा.

शिवाय विचारणार कोणाला? मालकीणबाई सहा फूट उंच, गुडघ्यापर्यंत बूट, दिवसाला तीन शब्द बोलायच्या, त्यातले दोन कुत्र्याशी. त्या समोर आल्या की चिमणीची घोकून घोकून पाठ केलेली इथली भाषा पार उडून जायची. उरायची ती पहिल्या धड्यातली वाक्यं तेवढी.

मालकीणबाई आल्या. गाईंच्या रांगेवरून त्यांची नजर फिरली. पहिला लाल, दुसरा लाल, तिसरा लाल. दहाव्यापाशी त्यांनी टोपी काढली. विसाव्यापाशी त्या पालथ्या बादलीवर बसल्या.

'झालं! काहीतरी चुकलं,' चिमणीच्या मनाने हंबरडा फोडला. 'टिळे गोल काढले म्हणून का? इथे रेघ मारत असतील.'

मालकीणबाईंनी खिशातून फोन काढला. "मोठी गाडी पाठवा," त्या म्हणाल्या. "हो, मोठीच. आणि माझ्या धाकट्या मुलाला सांगा, गोठा बंद करतेय म्हणून." मग उठल्या, एकेका गाईच्या मानेवर हात ठेवत, कानाशी काही पुटपुटत पुढे सरकू लागल्या. चिमणीने एवढे शब्द त्यांच्या तोंडून चार आठवड्यांत ऐकले नव्हते.

तेवढ्यात फाटकातून आजच्यासाठी आधीच सांगून ठेवलेली लहान गाडी मागे मागे येत आत शिरली. गाडीवाला उतरला, फळी टाकली आणि रांग बघून शीळ घातली.

"अबब, एवढ्या? माझ्या गाडीत बाराच मावतील."

"कशासाठी नेताय?" चिमणीने धीर करून विचारलं.

"कशासाठी म्हणजे? लाल म्हणजे रिकाम्या. रिकाम्या जातात खाटकाकडे. निळ्या राहतात. या मुलखात पोरंसोरं सांगतील."

चिमणीच्या पायाखालची जमीन सरकली. पंचवीस गाई, पंचवीस वासरं, पन्नास जीव! आणि सगळ्यांवर तिने आपल्या हाताने, प्रेमाने, गोल गोल...

सांगावं? त्या सहा फूट बाईला? नको, नको. निळा डबा आहे ना हाताशी! ती वाकून, गाईंच्या आडून रांगेच्या टोकाला गेली आणि लालवर निळा फवारला. लालवर निळा बसला आणि झाला जांभळा, गडद. दुसऱ्या गाईवर जरा जास्त मारला, आणखी गडद. तिसरीवर घाईत डबा कलला आणि ओघळ शेपटीपर्यंत गेला.

"जांभळा?" डोक्यावरून आवाज आला. मालकीणबाई. "जांभळा म्हणजे रोगी. आता रोगही निघाला का?"

चिमणीने तोंड उघडलं. सगळे शब्द घशाशी गर्दी करून उभे राहिले आणि बाहेर पडले ते नेमके पहिल्या धड्यातले.

"मला एक भाऊ आहे," ती म्हणाली.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या.

"आमचं घर लहान आहे." आता रडू फुटलं, आणि रडता रडता तिने लाल टिळ्याकडे बोट दाखवलं, स्वतःच्या पोटावर मोठा गोल काढला, आणि "वासरू, वासरू, वासरू" म्हणत एकेका लाल गाईपुढे उभी राहिली. पंचविसाव्या वासराला तिचा श्वास संपला.

मालकीणबाई पुन्हा बादलीवर बसल्या. पण बसणं वेगळं होतं; दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बऱ्याच वेळाने हात काढले, तेव्हा आवाज मात्र जुनाच, कोरडा.

"मग त्या सात निळ्या?"

"रिकाम्या."

"परत तपास. माझ्यासमोर. आज एकदा उलटं झालंय. तुझ्या निळ्यावरही माझा भरवसा नाही."

चिमणीने हातमोजा चढवला. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. सहाही रिकाम्या. राहिली सातवी: धिप्पाड, एक शिंग मोडलेली म्हातारी. सकाळी हिच्या आत चिमणीचा आखूड हात टोकापर्यंत पुरलाच नव्हता. काही लागलं नाही, तेव्हा रिकामी, असं मानून ती पुढे गेली होती.

आता ती चवड्यांवर उभी राहिली, गाल गाईच्या पाठीला चिकटला, डोळे मिटले. आणि आत, खोल, काळोखात, बोटाखाली एक धमनी थरथरली. कोण्या दूरच्या घरी जातं फिरावं तशी. वासरासाठी रक्त वाहू लागलं की धमनी अशी घुमते, असं पुस्तकात होतं. पुस्तकात ते इतकं ऊबदार नव्हतं.

गप्प बसली तर? एकच गाय. कोणाला कळणार? सांगितलं तर एका सकाळी दोन चुका, आणि महिना पाण्यात. फळीपाशी गाडीवाला घड्याळ बघत होता.

"ही पण," चिमणी म्हणाली. आवाज कसला, नुसती वाफ. "ही पण गाभण. सकाळी चुकले मी."

मालकीणबाई उठल्या. बाही वर केली, हातमोजा चढवला आणि आपला लांब हात म्हातारीच्या आत घातला. चिमणीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"पाच महिने," मालकीणबाई म्हणाल्या. मग म्हातारीच्या मोडक्या शिंगाला कपाळ टेकवून, अगदी हळू, "लबाडे! सांगायचंस ना गं."

लहान गाडी सहा गाई घेऊन गेली. मोठी गाडी फाटकातूनच परतवली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. लाल, निळा, जांभळा कळप बघून त्यांचा चेहराही क्रमाक्रमाने तसाच होत गेला. "अगं, हे काय करून ठेवलंस?" त्या कुजबुजल्या. चिमणी भिंतीला चिकटून उभी. मालकीणबाईंनी शेऱ्याचा कागद पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तो मोठ्याने वाचला.

"'मुलगी चांगली आहे. गाय दोनदा तपासते.'"

चिमणीचा अडकलेला श्वास सकाळपासून पहिल्यांदा सुटला. तो पुरता सुटायच्या आत डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या, "हो, हो" म्हणत राहिल्या, आणि फोन ठेवून चिमणीकडे टक लावून बघू लागल्या.

"टेकडीपलीकडच्या गोठ्यातून होता. मालकीणबाईंची बहीण. तिला उद्या ती दोनदा तपासणारी मुलगी हवी आहे."

"गाई किती?"

"तीनशे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय गं, डाव्या हाताने जमतं का तुला?"