न जळणारा मजकूर

"साहेब, एक वेळ हे ऑफिस जळेल, पण माझं बोर्ड जळायचं नाही!"

बंबवाल्यांनी भर मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून हे सांगितलं आणि साहेबांनी नकळत छताकडे पाहिलं. बंबवाले हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण आगीची इतकी धास्ती घेतलेला माणूस ऑफिसात दुसरा नव्हता. हल्ली छोटासा तयार कम्प्युटर विकत मिळतो. त्याला बसायला, वीज मिळायला, वायरी जोडायला खाली जो हिरवा पट्टा लागतो, तो कॅरिअर बोर्ड. हे असले बोर्ड बनवण्यात बंबवाल्यांची उमर गेली. नवं बोर्ड काचेच्या कारखान्यातल्या भट्टीशेजारी बसायचं होतं, म्हणजे आगीच्या मांडीवरच! परीक्षक येणार, बोर्ड उभं टांगणार, खालून ज्योत लावणार. ज्योत काढली की बोर्डाने स्वतःहून विझायचं. जळता थेंब पडून खाली पसरलेला कापूस पेटला, की नापास.

बंबवाल्यांची तयारी कडेकोट होती. बोर्डाचा मूळ थर त्यांनी निवडलेला, वरचा रंग त्यांनी निवडलेला, अक्षरं छापायची पांढरी शाईसुद्धा त्यांनी स्वतः तापवून पारखलेली. एकदा कुणीतरी बोर्डावर कागदी लेबल चिकटवलं, तर हा माणूस दिवसभर जेवला नव्हता. "कागद? बोर्डावर? अहो, त्यापेक्षा काडेपेटीच बांधा!"

फक्त एका ठिकाणी त्यांची तयारी कमी पडली होती. घरी.

त्यांची बायको याच ऑफिसात ड्रॉइंग तपासायची. यांनी बोर्ड आखायचं, तिने चुका काढायच्या. चुका ती तोंडाने सांगत नसे. ड्रॉइंगमध्ये शेऱ्यांचा एक वेगळा लेयर असतो, तो फॅक्टरीकडे जात नाही. त्यात ती लिहायची, 'इथे जागा कमी आहे, बघ.' हे उत्तर लिहायचे, 'बघितलं. पुरते.' ती लिहायची, 'पुन्हा बघ.' त्यांचं लग्नसुद्धा त्या लेयरमध्येच ठरलं. 'विचार केलास का?' या शेऱ्याखाली 'हो' एवढंच उत्तर आलं होतं, आणि ते उत्तर त्यांनी कधीही पुसलं नाही.

मग त्या काचेच्या कारखान्यात यंत्रं बसवायला तिची नेमणूक झाली. एका वर्षासाठी, खूप लांब. ती गेली आणि घरात आवाज उरला तो फक्त फ्रिजचा. बंबवाले सवयीने दोन कप काढत, मग एक परत ठेवत. तिची उशी त्यांनी धुवायला टाकली नाही. तरी हळूहळू उशीतला बायकोच्या केसांच्या तेलाचा वास उडून गेला. त्या दिवशी ते ऑफिसला उशिरा पोचले आणि गाडी पंक्चर झाली म्हणून सांगितलं.

फोन रोज व्हायचा. "कसा आहेस?" ती विचारायची. "मजेत!" हे ओरडायचे. आणि आता तिथल्या लोकांनी तिला आणखी दोन वर्षं राहायचा आग्रह केला होता. महिन्याच्या शेवटी उत्तर द्यायचं होतं.

"काय कळवू?" तिने विचारलं.

ये, परत ये, असं म्हणायला बंबवाल्यांनी तोंड उघडलं. पण जन्मभर आग विझवायचा अभ्यास केलेला माणूस! मनात काही पेटलं की जीभ ते आपोआप विझवायची.

"तुझं तू ठरव. इतकी चांगली संधी आहे. मी काय, मजेत आहे!"

"बरं," ती म्हणाली.

बोलायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी लिहिलं. कुठे? शेऱ्यांच्या लेयरमध्ये! ती गेल्यापासून तो कुणी उघडत नव्हतं. मनातलं ठेवायला त्यांच्या दृष्टीने जगात याहून सुरक्षित जागा नव्हती. आणि मग त्याच तंद्रीत त्यांनी फाइल फॅक्टरीला पाठवली. पाठवताना कुठले लेयर छापायचे त्यावर टिक करायची असते. त्यांनी एक टिक जास्त केली.

बोर्डांची पेटी आली ती परीक्षेच्या आदल्या दिवशी. उघडली स्टोअरच्या बाईंनी.

"बंबवाले, इकडे या जरा. माल पार्ट लिस्टशी ताडून बघतेय. 'उशीला तुझ्या तेलाचा वास येईनासा झाला' हा कुठला पार्ट?"

बंबवाल्यांनी बोर्ड हिसकावलं. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत, त्यांनीच निवडलेल्या पांढऱ्याशुभ्र शाईत, सुबक अक्षरात छापलं होतं: 'मजेत आहे म्हणतो ते खोटं आहे. उशीला तुझ्या तेलाचा वास येईनासा झाला. घरी ये.'

"किती बोर्डांवर आहे?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"फॅक्टरीवाले प्रामाणिक आहेत हो," बाई म्हणाल्या. "एकही सोडलेलं नाही."

बंबवाले सरळ चाचणीच्या टेबलाशी गेले आणि एक बोर्ड बर्नरवर धरलं. पुरावा नष्ट! बोर्ड काळं पडलं. बर्नर बाजूला केला, बोर्ड विझलं. पुन्हा धरलं, पुन्हा विझलं. इतकं उत्तम बोर्ड त्यांनी जन्मात बनवलं नव्हतं! काजळीतून 'घरी ये' मात्र आणखी उठून दिसायला लागलं. स्वतःच्या हुशारीचा इतका संताप त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

मग थिनर झाला. थिनरने त्यांच्या बोटांची कातडी निघाली, शाई निघाली नाही. मग ब्लेड झालं. ब्लेड बोथट झालं.

"राहू द्या की तसंच," बाई म्हणाल्या. "वाईट काय लिहिलंय त्यात?"

"अहो, माझी अब्रू!"

"अब्रूला घेऊन बसलात तर घरी येणार कोण?"

शेवटी त्यांनी ते केलं, जे स्वप्नातही केलं नसतं. कपाटातून 'तपासले' अशी कागदी लेबलं काढली आणि एकेका बोर्डावर मजकूर झाकेल अशी दाबून बसवली. चिकटवताना काडेपेटी बांधल्यासारखंच वाटत होतं!

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. चेहरा असा, की हसले तर नियम मोडेल. पेटीत हात घालून त्यांनी मधलंच एक बोर्ड काढलं, टांगलं, खाली कापूस पसरला आणि ज्योत लावली.

लेबलाने झोकात पेट घेतला! जळता कागद सुटला, गिरक्या घेत खाली आला आणि नेमका कापसावर बसला. कापूस भडकला. साहेब एवढ्या जोरात ओरडले की बाई स्टोअरमधून वाळूची बादली घेऊन धावल्या आणि अर्धी वाळू साहेबांच्या बुटात गेली.

"नापास!" साहेब टाहो फोडत म्हणाले. "बंबवाले! तुमचं बोर्ड जळालं!"

"बोर्ड जळालेलं नाही," परीक्षक शांतपणे म्हणाले. "कागद जळाला. बोर्डावर कागद कुणी लावला?"

सगळ्यांनी बंबवाल्यांकडे पाहिलं. बंबवाल्यांनी वाळूकडे पाहिलं.

"लेबलं काढा. पुन्हा घेऊ."

लेबलं काढली. या वेळी ज्योत लावली, काढली, आणि बोर्ड गपकन विझलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. पण परीक्षकांनी चष्मा चढवला. "जळाल्यावरही छापील मजकूर वाचता आला पाहिजे, असा नियम आहे," असं म्हणून त्यांनी काजळी पुसली आणि कोर्टात जबानी वाचावी तसं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मजेत आहे म्हणतो ते खोटं आहे. उशीला तुझ्या..."

परीक्षक थांबले. मग नियम नियमच, म्हणून शेवटपर्यंत वाचलं. साहेबांनी बुटातली वाळू काढायचंही थांबवलं.

"ही सूचना कुणासाठी आहे?"

बंबवाल्यांच्या जिभेने नेहमीसारखं विझवायचा प्रयत्न केला. पण कापूस पेटलेला, अब्रू जळालेली, आता विझवायचं उरलं होतं काय?

"माझ्या बायकोसाठी," ते म्हणाले. "ती घरी नाही. मला तिची फार आठवण येते."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वाचता येतं," ते म्हणाले आणि रिपोर्टवर 'पास' लिहून सही केली.

सही वाळायच्या आत बंबवाल्यांना दुसरी पेटी आठवली! फॅक्टरीने एक पेटी इथे पाठवली होती आणि दुसरी थेट काचेच्या कारखान्यात. यंत्रात बोर्ड बसवणारी व्यक्ती तिथे एकच. त्यांनी कुरिअरवाल्याला फोन लावला.

"पेटी थांबवा!"

"सकाळीच पोचली साहेब. मॅडमनी सहीसुद्धा केली."

फोन ठेवतात तोच वाजला. ती होती.

"शेरे घे लिहून," ती तिच्या जुन्या तपासणीच्या आवाजात म्हणाली. "डावीकडचं वरचं स्क्रूचं भोक सरकलंय. वाक्य लिहिता लिहिता माऊसने ओढलंस ते. बोर्ड बसत नाही. सगळा माल बाद."

बंबवाले मटकन खुर्चीत बसले. थिनर, ब्लेड, लेबलं, वाळू... आणि माल मुळातच बाद!

"दुसरं, मी राहते म्हणून होकार लिहून ठेवला होता. तूच मजेत म्हटल्यावर परत कशाला यायचं? आज दुपारी पाठवणार होते." पुढचं बोलली तेव्हा आवाज तपासणीचा राहिला नव्हता. "इतकं सगळं वाटत होतं, तर फोनवर बोलायला काय झालं होतं रे तुला?"

"शेऱ्यांत लिहिलं होतं," बंबवाले पुटपुटले.

"होकार फाडला. पुढच्या महिन्यात येतेय. तोवर भोक नीट कर. आणि तो मजकूर काढ, इथले सगळे फिटर मला तेल कुठलं वापरता म्हणून विचारताहेत!"

बंबवाले उड्या मारत साहेबांकडे गेले. भोक हलवतो, मजकूर काढतो, नवा माल मागवतो!

"भोक हलवा," साहेब म्हणाले आणि परीक्षकांचा रिपोर्ट पुढे सरकवला. "मजकुराला हात लावाल तर खबरदार! बोर्ड त्या मजकुरासकट पास झालंय. एक अक्षर बदललं तर पुन्हा परीक्षा. पुन्हा ज्योत, पुन्हा कापूस. माझे बूट अजून वाजताहेत!"

ती आली. पहिल्याच दिवशी तिने उशी पाहिली आणि काही न बोलता धुवायला टाकली. आता ती पुन्हा बंबवाल्यांच्या समोरच्या टेबलावर बसते आणि त्यांच्या चुका काढते. घरी दोन कप निघतात, दोन्ही भरतात. बंबवाले मात्र फोनवर बोलायचे तसंच अजूनही समोरासमोर बोलतात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

आणि बोर्डांची नवी पेटी आली, की स्टोअरच्या बाई न चुकता एक बोर्ड उजेडात धरतात आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारतात, "बंबवाले, त्या तर समोर बसल्यात! मग आता हे 'घरी ये' कुणाला?"

बायको चष्म्यावरून बघते. बंबवाले घाईघाईने कुठलं तरी भोक मोजायला घेतात.