निगोंबोचं गोडं पाणी

पाटोद्याचे काशिनाथअप्पा कुणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी पाणी मागत. तांब्या आला की एक घोट घ्यायचा, डोळे मिटून गालात खेळवायचा आणि निकाल द्यायचा. "ओढ्याकडच्या विहिरीचं हाय. परवाच गाळ काढलाय." यजमान तोंडात बोट घालायचा. मग अप्पा सावकाश नमस्कार करायचे.

त्यांचं मोटारपंपांचं दुकान. माझंही तेच, फक्त मांजरसुंब्याला. म्हणजे धंद्यात आम्ही वैरी. पण या माणसाशी वैर तरी कसं करावं? नवीन बोअर मारून आलेल्या गिऱ्हाइकाचं पाणी चाखून हे सांगणार, "होळीपर्यंत बी टिकणार न्हाई बे हे. मोटार घेऊ नको, घरी जा." गिऱ्हाईक तडक माझ्याकडे येणार, मी त्याला मोटार विकणार आणि होळीला शिव्या मी खाणार!

टीव्हीवर रोज नवं चॅनल उगवत होतं आणि कंपन्यांना डीलरांचा एकदम पुळका आला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या कंपनीनं डीलरांना जोडीनं श्रीलंकेची सहल जाहीर केली. गावाचं नाव निगोंबो. बहुतेकांनी बायकोच्या जागी मेव्हण्याचं नाव घातलं. माझी बायको विमान म्हटल्याबरोबर माहेरी पळाली. अप्पा मात्र पार्वतीकाकूंना घेऊन आले. कुणीतरी टोमणा मारला, तर म्हणाले, "तिची जागा हाय. मी कावून दुसऱ्याला देऊ?"

निगोंबो म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दूरवर पसरलेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर आणि मधे गाव. डचांच्या किल्ल्याचा जुना दरवाजा, त्यांच्या काळातला कालवा, जागोजाग चर्च आणि वाळूवर वाळत घातलेली मासळी. आम्ही नाकाला रुमाल लावून हरखून बघत होतो. अप्पांनी सरोवराकाठी वाकून ओंजळ तोंडाला लावली. "खारं हाय, पण पुरतं न्हाई. कुठून तरी नदी येती ह्यात." गाईड बघतच राहिला. नदी खरंच येत होती! अप्पांची छाती फुगली. "मशीन झूट बोलंल, जीभ न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छाती पार बसली. हॉटेलच्या नळाला खारट पाणी. आम्ही कुरकुरत आंघोळी उरकल्या, पण काकू अडून बसल्या. त्यांच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंगायतांचं इष्टलिंग. रोज ते तळहातावर घेऊन ताज्या उपसलेल्या गोड्या पाण्यानं धुवायचं, पूजा करायची, मगच अन्न. लग्न झाल्यापासून एक दिवस खंड नाही. कंपनीनं बाटलीतलं पाणी ठेवलं होतं, ते त्या प्यायच्या, पण देवाला नाही. "कवा भरलं, कुनी भरलं, काय ठाव? पोटाला चालतं, देवाला न्हाई चालत." अप्पांच्याही गळ्यात इष्टलिंग होतं, पण त्यांनी बाटलीवर भागवलं. "देव समजदार हाय, परवासात चालवून घेतो." काकूंनी ऐकलं नाही. तो दिवस उपास. चार दिवसांची सहल, बाई तोवर तग धरतील का, हीच आम्हाला धास्ती.

त्याच्या पुढच्या सकाळी सगळे होडीत बसायला निघाले, तर अप्पा हॉटेलच्या मागच्या विहिरीच्या काठावर. बादलीनं वरचं पाणी काढून चाखतायत. लुंगीवाल्या मालकाला त्यांची मराठी कळेना, यांना त्याची भाषा कळेना. शेवटी अप्पांनी काचेच्या ग्लासातल्या पाण्यात मीठ विरघळवलं, चमच्याच्या पाठीवरून त्यावर अलगद दुधाचा चहा सोडला. चहा वर तरंगला! मग खाली बोट दाखवून तोंड वाकडं केलं, वर बोट दाखवून हसले. खाली खारं, वर गोडं. मालकानं नवी दांडगी मोटार बसवून पाईप पार तळाला सोडला होता, त्यानं खालचं खारं पाणी उपसून वर आणलं होतं. पाईप वर घ्या आणि उद्यापर्यंत मोटार बंद ठेवा, एवढंच अप्पांचं मागणं.

मालक तयार झाला. दुपारी आम्ही समुद्रात डुंबून, अंगभर वाळू घेऊन आलो, तर नळ कोरडे! काय तो गोंधळ! सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. "अप्पा, तुमच्या पायी आमी खारवलेले मासे झालो की!" अप्पा विहिरीपासून हलले नाहीत. ना किल्ला पाहिला, ना होडी. दर तासाला एक घोट घ्यायचे आणि थुंकायचे.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. या वेळी थुंकले नाहीत. "गोडं!" अशी आरोळी ठोकली की चर्चच्या वाटेनं चाललेली माणसं थबकली. मालकानं चाखलं आणि अप्पांना कवेत घेऊन उचललं. आम्ही वाळूचे पुतळे टाळ्या पिटत होतो. मला तर रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

अप्पांनी स्वतः तांब्या भरून नेला. काकूंची पूजा झाली, त्या खाली आल्या, तांदळाच्या शेवया आणि खोबऱ्याची चटणी पानात घेतली. त्यांनी पहिला घास तोंडात घातला तेव्हा कुठे अप्पांनी पान पुढं ओढलं आणि ते तुटून पडले. एक पान, दुसरं, तिसरं. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दोन दिवसांत या माणसाला मी जेवताना पाहिलंच नव्हतं.

काकूंच्याही ते ध्यानात आलं. घास हातातच राहिला. "अवो, तुमची तर पूजा व्हत होती. तुमी कावून उपाशी ऱ्हायलात?"

अप्पांनी मान वर केली नाही. "मला एकट्याला घास उतरत न्हाई," एवढंच म्हणाले आणि आपल्या पानातली चटणी त्यांच्या पानात सरकवली.