बाबांचा पाईप आणि माझी पट्टी

आमच्या घरात दिवे घालवले की खराखुरा अंधार होतो. बाबांना बारीक दिवे सहन होत नाहीत. टीव्ही बंद केल्यावर खाली उरणारा लाल ठिपका, इंटरनेटच्या डबीचे लुकलुकणारे डोळे, वॉशिंग मशीनचं बटण, सगळ्यांवर आमच्याकडे काळी टेप लावलेली आहे. "उगाच डोळे वटारून बघत बसतात," असं बाबांचं म्हणणं. ती टेप कापून चिकटवायचं काम माझं. मी घरात फारशी बोलत नाही (घराबाहेर तर अजिबातच नाही), पण टेप अशी लावते की कड वाकडी होत नाही आणि आत हवेचा बुडबुडा राहत नाही. पाहुण्यांना तर तिथे टेप आहे हेच कळत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे रामायण घडलं त्यात निम्मा वाटा या टेपचा आहे.

उरलेला निम्मा बाबांच्या पाईपाचा.

आमची गाडी आईची आहे. आई फिजिओथेरपिस्ट. ज्यांचे गुडघे, खांदे, कंबर धरलेली असते त्यांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घेते. गाडी बंद म्हणजे तिचं काम बंद. म्हणून मावशीचं ऑपरेशन झालं आणि आई काही दिवस तिच्याकडे राहायला निघाली, तेव्हा तिने बाबांना दारातच बजावलं, "अहो, दूध तापत असताना तिथेच उभे राहा. आणि माझ्या गाडीला हात लावू नका. सोमवारी सकाळपासून पेशंट आहेत."

दूध दुसऱ्याच दिवशी उतू गेलं. राहता राहिली गाडी.

खरं तर बाबांनी फक्त एअर फिल्टर बदलायचं ठरवलं होतं. इंजिनात जाणारी हवा गाळणारी ती कागदी वडी. आई आली की खूश होईल, एवढाच साधा विचार. मला घेऊन ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार गोड होता. गोड दुकानदार बाबांना झेपत नाहीत.

"घ्या ना साहेब, फिल्टर घ्या," तो म्हणाला. "पण मला सांगा, नाकाला रुमाल बांधून तुम्ही धावू शकाल का?"

बाबा रुमाल न बांधताही धावू शकत नाहीत. पण ते गंभीरपणे म्हणाले, "नाही."

"मग गाडीने का धावावं?"

बाबांनी पाकीट काढलं. आम्ही परत आलो तेव्हा माझ्या मांडीवर एक लांब खोकं होतं. त्यात कोपरात वाकवल्यासारखा चकचकीत पाईप आणि त्याच्या टोकाला बसवायचा शंकूसारखा लाल फिल्टर. एखाद्या बँडवाल्याकडून वाजवायला आणल्यासारखं दिसत होतं.

"बाबा, बसवता येईल तुम्हाला?" मी विचारलं.

"चिमणे, माझी सगळी नोकरी पाईपांत गेली."

हे खरं आहे. बाबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाईपांचे नकाशे तपासतात. (घरातला नळ गळला की आई दुरुस्त करते आणि बाबा तिला नकाशा काढून देतात.)

बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून आम्ही कामाला लागलो. मी टॉर्च धरली. बाबांनी जुना काळा प्लास्टिकचा डबा उपसून बाहेर काढला. त्या डब्याला एक अंगठ्याएवढा सेन्सर होता. किती हवा आत गेली ते तो इंजिनाला सांगतो, असं पाईपासोबतच्या कागदावर लिहिलं होतं. बाबांनी तो अलगद काढून नव्या पाईपात बसवला. मग पाईपाभोवतीचे पट्टे आवळले, कपाळाचा घाम पुसला, कपाळ काळं केलं आणि गाडी चालू केली.

गाडीने आधी घसा खाकरला. मग असा आवाज काढला, की पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतलं मांजर आत निघून गेलं.

"ऐकलंस? श्वास घेतेय!" बाबा म्हणाले.

तेवढ्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. दिव्याने बाबांकडे पाहिलं. "नवीन आहे ना," बाबा म्हणाले, "सवय व्हायला वेळ लागणारच. एक चक्कर मारू."

चक्कर मारून येईपर्यंत गाडी वळणावर अडखळली, उतारावर उचकी लागल्यासारखी हलली आणि आणखी दोन दिवे लागले. एक घसरणाऱ्या गाडीचा, एक नुसताच उद्गारचिन्हाचा. बाबांच्या मानेवर घाम आला होता. पण घाबरल्यावर माणूस आपल्या ओळखीच्या उपायाकडेच वळतो.

"चिमणे," ते हळूच म्हणाले, "टेप आण."

मी तीन दिव्यांवर तीन तुकडे लावले. मग माझ्या मनात आलं, की हे असे एकेक लागणार असतील तर टेपसाठी घरापर्यंत किती वेळा वर-खाली करायचं? म्हणून डॅशबोर्डच्या अगदी खालच्या ओळीवर मी एक लांबच लांब पट्टी आधीच लावून टाकली. डावीकडून उजवीकडे, एका दमात, काळ्यावर काळी. बाबांनी ती पाहिलीसुद्धा नाही, आणि मला तेच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. संध्याकाळच्या ट्रेनने आई येणार होती. सकाळी इंजिन चालू केलं की लगेच बंद पडायला लागलं. बाबांचा चेहरा पडला. "सोमवारी तिचे पेशंट आहेत गं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, की हे गमतीचं राहिलेलं नाही.

मग समोरच्या ब्लॉकमधले सल्लागारकाका खाली आले. त्यांना कोणी बोलवत नाही. बॉनेट उघडलं की ते येतात.

"असल्या फिल्टरला तेल लावलेलं असतं, ते जास्त झालंय," काका म्हणाले.

फिल्टर काढून पुसला. गाडी बंद पडली.

"पट्टे सैल असणार."

पट्टे आवळले. गाडी बंद पडली.

"मग पट्टे फार घट्ट झाले."

"अहो काका, आत्ताच तुम्ही आवळायला सांगितलंत!"

"आवळा म्हटलं होतं. गळा दाबा म्हटलं नव्हतं."

मी टॉर्च धरून उभी होते, त्यामुळे मला दुसरं काही काम नव्हतं, नुसतं बघायचं. आणि मला दिसलं. पाईपाच्या मागे, अंधारात, एक वायर लोंबत होती. तिच्या टोकाला राखाडी प्लग, तोंड उघडं. आणि पाईपात बसवलेल्या सेन्सरच्या डोक्यावर तेवढ्याच मापाची रिकामी जागा.

"बाबा," मी म्हणाले.

"थांब गं. काका, बॅटरी तर नसेल?"

"बॅटरी असू शकते. माझ्या मेहुण्याच्या गाडीत..."

"बाबा, ती वायर..."

"चिमणे, टॉर्च जरा डावीकडे. हं, मेहुण्याच्या गाडीत काय झालं?"

काकांच्या मेहुण्याची गाडी चांगलीच लांबली. तेवढा वेळ आमचं इंजिन चालू, बंद, चालू, बंद. शेवटी मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं बंड केलं. टॉर्च विझवली.

"अगं! काय झालं?" दोघंही एकदम.

"मागे एक वायर आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला. "तिने काहीच धरलेलं नाही."

मी टॉर्च पुन्हा लावली आणि थेट तिथे धरली. दोघंही वाकून बघायला लागले. मग बाबांनी हात घालून प्लग सेन्सरवर दाबला. टक्! गाडी चालू केली. ती तशीच घरघरत राहिली. अडखळली नाही, उचकी नाही.

"मी तेच म्हणणार होतो," काका म्हणाले.

टेपची कड उचलून पाहिली, तर दिवे मात्र अजून तसेच होते. "त्यांना अजून कळलेलं नाही," असं म्हणत काकांनी बॅटरीची वायर सोडवून ठेवली, आम्ही वर जाऊन चहा घेतला, खाली येऊन वायर जोडली. बाबांनी श्वास रोखून माझे तिन्ही तुकडे एकेक करून सोलले. खाली अंधार! बाबांनी मला उचलायचा प्रयत्न केला (मी आता त्यांच्या खांद्याला लागते, त्यामुळे तो सोडून दिला) आणि काकांना म्हणाले, "पाहिलंत? पोरगी बोलत नाही, पण डोळा गिधाडाचा आहे!"

इतकं कौतुक माझं आजवर कोणी केलेलं नव्हतं. स्टेशनला जाईपर्यंत मी खिडकीत स्वतःकडेच बघत होते.

आई बाहेर आली, पिशव्या मागे टाकल्या, पुढे बसली. गाडी सुरू झाली.

"अहो, हिला सर्दी झालीय का?"

"कुणाला? चिमणीला? नाही बुवा."

"गाडीला."

"हवेत गारवा आहे," बाबा म्हणाले. ते घामाने भिजले होते.

"आणि घड्याळ का चुकलंय?"

बॅटरी सोडवली की गाडीचं घड्याळ पहिल्यापासून मोजायला लागतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाबा काही बोलणार, एवढ्यात गाडीला एक झटका बसला, दुसरा बसला, आणि ती एका बंद बँकेसमोर रस्त्याच्या कडेला गुमान उभी राहिली.

बाबा खचले. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. दुकानदार, नाकाचा रुमाल, पाईप, तीन दिवे, काका, काकांचा मेहुणा, प्लग, बॅटरी. दूध उतू गेल्याचंही सांगितलं, ते कोणी विचारलंही नव्हतं. "तुझी गाडी मी मारली," ते म्हणाले. "सोमवारी मी तुला रिक्षाने फिरवीन. हवं तर पाठीवरून नेईन."

"पाठ धरली तर व्यायाम मलाच करून घ्यावा लागेल," आई म्हणाली. "उतरा खाली. मला बसू द्या तिथे."

बाबा उतरून बॉनेट उघडायला धावले. मी टॉर्च घेऊन मागोमाग. प्लग जागेवर होता. पट्टे ना सैल, ना घट्ट. बाबांनी मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. "चिमणे, बघ ना गं. तुला दिसेल."

मी डोळे फाडफाडून बघितलं. एकही वायर लोंबत नव्हती. मला रडूच यायला लागलं.

"अहो," आतून आईचा आवाज आला, "माझ्या गाडीत पेट्रोलचे हिरवे ठिपके असायचे ना? खालच्या ओळीत. ते कुठे गेले?"

माझ्या हातातली टॉर्च खाली गेली.

आईने डॅशबोर्डवरून नख फिरवलं. एका टोकाला ते अडकलं. मग तिने ती काळी पट्टी, डावीकडून उजवीकडे, सावकाश सोलून काढली. खाली एकही हिरवा ठिपका नव्हता. फक्त पेट्रोलपंपाचं छोटंसं चित्र, नारिंगी, आमच्याकडे डोळे वटारून बघत होतं. दिवसभराच्या चालू-बंदने टाकी कोरडी ठणठणीत झाली होती.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "काही बिघडलेलं नाही?"

"काही नाही."

"मग मी ते सगळं का सांगितलं?"

आई जी हसत सुटली ती थांबेचना. स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसली, त्यात हॉर्न वाजला, तरी हसतच होती. बाबांना आधी कळेना, मग तेही फुटपाथवर बसून हसले. माझे पाय एवढे हलके झाले, की पंपापर्यंतची वाट कधी संपली ते कळलंच नाही. पंपावरच्या माणसाकडे कॅन मीच मागितला, मोठ्या आवाजात. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

पाईप आईने काढू दिला नाही. सोमवारी ती पेशंटकडून आली तीच खुशीत. म्हणे, एरवी ज्यांना व्यायाम केलात का विचारलं की छताकडे बघतात, ते सगळे गल्लीच्या तोंडाशी आवाज ऐकूनच गुडघे वाकवायला लागले होते.

पट्टीचं मात्र ती कधी विसरली नाही. ती कुणी लावली, असं तिने विचारलंही नव्हतं. आमच्या घरात इतकी सरळ टेप दुसरं कोणी लावूच शकत नाही. परवा माझं प्रगतिपुस्तक आलं. बाईंनी शेरा लिहिला होता, 'निरीक्षणशक्ती उत्तम.' मी ते दोनदा आईपुढे ठेवलं. तिने सही केली, आणि तीच जुनी पट्टी कुठूनशी काढून त्या शेऱ्यावर चिकटवली.

थोडी वाकडी बसली होती. मी सोलून सरळ करून दिली.