पंप कुठे असतो

मिस्त्रींच्या धाकट्या भावाचा चौदा चाकी ट्रक बैलगाडीच्या चालीने त्यांच्या गॅरेजच्या फाटकातून आत आला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

"दादा, वीसच्या वर पळतच नाही," भाऊ केबिनमधून उतरत म्हणाला. "युरियाचा दिवा लागलाय. चारला पोरीची बस आहे. तिला स्टँडवर सोडायचं कबूल केलंय मी."

पोरगी आज नोकरीला परगावी निघाली होती. मिस्त्रींनी मान डोलावली आणि ट्रकभोवती एक चक्कर मारली. नव्या ट्रकांत धूर साफ करायला युरियाचं पाणी फवारतात, त्यासाठी एक पंप असतो आणि तो रुसला की ट्रक स्वतःच स्वतःचा वेग आवळतो, एवढं त्यांनी ऐकलं होतं. पंप नेमका कुठे असतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. 'मला माहीत नाही' हे वाक्य धाकट्या भावासमोर त्यांनी पन्नास वर्षांत उच्चारलं नव्हतं. आज मुहूर्त करायची त्यांची तयारी नव्हती.

"टाकीतच असणार," ते म्हणाले आणि निळ्या झाकणाच्या टाकीचा खालचा बोल्ट काढला. चाळीस लिटर युरिया भळाभळा अंगणात वाहून गेला.

"दादा, सकाळीच भरला होता."

"रिकामी केल्याशिवाय आतलं दिसणार कसं?"

आतून एक लांब दांडी निघाली. तिला काळं बोंड होतं.

"हा पंप?" भावाने विचारलं.

"हाच. हल्ली नाजूक बनवतात."

नाजूक पंप गुणगुणतो का हे बघायला मिस्त्रींनी बॅटरीची वायर थेट त्याला लावली. ठिणगी उडाली, जळका वास आला आणि केबिनमधले सगळे दिवे गेले. भावाने चावी फिरवून बघितली. ट्रक ढिम्म.

"मघाशी वीसने तरी पळत होता," भाऊ शांतपणे म्हणाला.

पुढचे दोन तास मिस्त्री वायरी चाचपत राहिले. शेवटी भावाने फोन काढला.

"कुणाला लावतोस?"

"पोरीला."

"तिला कशाला? सामान भरत असेल ती." पण आवाजात जोर नव्हता. दोन वर्षांपूर्वी डिप्लोमाचा कागद घेऊन ती याच गॅरेजमध्ये उभी राहिली होती. 'काका, मला कामाला घ्या,' म्हणाली होती. मिस्त्री हसले होते. 'हात काळे होतील बाई तुझे. एखाद्या ऑफिसात बस.' ही गंमत त्यांनी नंतर चारचौघांत सांगितलीही होती. पोरगी तेव्हा हसली नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं.

ती दोन वाजता रिक्षातून उतरली. एका हातात प्रवासाची बॅग, दुसऱ्या हातात युरियाचा कॅन. तिने अंगणाकडे पाहिलं.

"काका, अंगण छान धुतलंत."

मग तिने ती दांडी उचलली. "हा फ्लोट आहे. टाकीत किती युरिया उरलाय ते सांगतो." मिस्त्रींनी भावाकडे पाहिलं. भाऊ आभाळाकडे बघत होता.

नशीब, फ्लोट शाबूत होता, सगळं फ्यूजवर निभावलं होतं. तिने नवा फ्यूज बसवला, फ्लोट जागेवर लावला, कॅन टाकीत ओतला आणि पुठ्ठा पसरून ट्रकखाली सरकली. मिस्त्रीही मागोमाग सरकले. बॅटरीच्या पेटीमागे, चासीच्या आतल्या बाजूला तिने काकांचा हात नेऊन ठेवला.

"हा पंप. बाबा, इंजिन चालू करा."

ट्रक सुरू झाला, पंप मात्र गप्प होता. तिने इंजिन बंद करायला लावलं आणि पंपाचा प्लग उपसला. आत पांढरं मीठ धरलं होतं.

"युरिया झिरपून सुकला की असं होतं. करंट पोचत नाही."

कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश, कोरडं फडकं. दहा मिनिटांचं काम. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि मिस्त्रींच्या तळव्याखाली पंप बारीक गुणगुणू लागला. त्यांनी हात बराच वेळ काढला नाही.

"त्या वेळी मी तुला..." त्यांनी सुरुवात केली.

"काका, तीन वाजले." ती बाहेर सरकली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मिस्त्री स्वतः साबण आणि टॉवेल घेऊन आले आणि तिचे हात धुऊन होईपर्यंत मगाने पाणी ओतत राहिले.

"तिथलं गॅरेज कसं आहे?"

"एका वेळी बत्तीस ट्रक उभे राहतात."

"हं. मोठं आहे."

"आधी प्लग बघायचा, मग पंप. अडलं तर फोन करा."

बापलेकीला घेऊन ट्रक भरधाव निघून गेला. मिस्त्री अंगणात उभे राहिले.

आठवड्याने एक अनोळखी ड्रायव्हर फाटकाशी ट्रक थांबवून म्हणाला, "मिस्त्री, युरियाच्या पंपाचं काम होतं का इथे?"

"होतं ना. माझी पुतणी करते. त्यात फार हुशार आहे."

"बोलवा की मग."

"सध्या बाहेरगावी असते."

"परत कधी येणार?"

मिस्त्रींनी खांद्यावरच्या फडक्याने बराच वेळ हात पुसले.

"तेवढं विचारायचं राहून गेलं," ते म्हणाले.