लक्ष्मी, चिखली

दवाखान्यात कंपाउंडरने नाव विचारलं, की किसनमामा सांगायचे, "लक्ष्मी, चिखली." कंपाउंडर आधी त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघायचा, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणायचे, "लिही, लिही. तारेचा पत्ता आहे तो त्यांचा."

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा मी चिखलीच्या तार ऑफिसात खिडकीवर बसायला लागलो. तारेत पत्त्याच्या शब्दांचेही पैसे पडत. म्हणून मोठे व्यापारी एक छोटा शब्द आपल्या नावावर नोंदवून घेत. तो शब्द आणि गाव एवढं लिहिलं की तार घरपोच. एका गावात एक शब्द एकालाच. दर वर्षी नोंद नवी करायची, विसरलात की शब्द मोकळा. ही चैन कापसाच्या जिनिंग कारखानेवाल्यांची. किसनमामा म्हणजे बाजारात कापूस मोजणारे मापारी, उंद्रीहून आलेले, एका खोलीत एकटे राहणारे. पण त्यांच्या नावावर असा शब्द होता, आणि तो त्यांच्या वारलेल्या बायकोचं नाव होता.

"पोरगा मुंबईले हाये. त्याची तार येणार हाये," एवढंच ते सांगत.

दारावर, छत्रीवर, डब्याच्या झाकणावर, सगळीकडे त्यांनी रंगाने "लक्ष्मी, चिखली" लिहून घेतलं होतं. रोज बाजार सुटला की खिडकीशी हजर.

"तारबाबू, लक्ष्मीले काही?"

"नाही मामा."

"मशीन तं चालू हाये ना?"

मी टकटक करून दाखवायचो, मग ते जायचे. आमच्याकडे तार आली म्हटलं की बायका ती वाचण्याआधीच गळा काढत. हा एकटा गृहस्थ पेढ्यांचा पुडा येणार असावा तशी तिची वाट बघायचा.

पुढे एका शेठने गावात नवीन जिनिंग घातली. पत्त्यासाठी त्यांनाही लक्ष्मीच हवी होती. ती एका मापाऱ्याकडे आहे हे ऐकून शेठ आधी हसले, मग चिडले. त्यांचा मुनीम मामांकडे गेला आणि शब्द सोडलात तर बसून करायची नोकरी देतो म्हणाला.

मामा म्हणाले, "शेठले सांग, बाकी सारी लक्ष्मी त्याच्याचजवळ हाये. हे एक राहू दे माह्याजवळ."

गाव पोट धरून हसलं. शेठ हसले नाहीत. हळूहळू मामांना मापाला कोणी बोलवेना. ज्यांचा कापूस त्यांनी जन्मभर मोजला, तेच म्हणू लागले, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं." शेठची मर्जी राखायला आमच्या गावाने एका म्हाताऱ्याला वेडा ठरवलं, आणि त्याची लाज कुणालाच वाटली नाही.

नोंद नवी करायला मामा आले तेव्हा धोतर स्वच्छ धुतलेलं होतं, पण गाल बसले होते. मला रागच आला.

"मामा, सोडा हा हट्ट. पार्वती घ्या, रुक्मिणी घ्या. पोराला एक कार्ड टाका, पत्ता बदलला म्हणून."

मामांनी खिडकीचे गज धरले.

"कोठी टाकू, बाबू? त्याची माय मेली तं त्याले कळवता नाही आलं. मंग कधीतरी आला, मलेच भांडला, कळवलं काऊन नाही म्हणून. मी म्हनलं, तू तरी तार करत जाय. तं म्हणे, तुमचा पत्ता लिहाले कागद पुरत नाही. म्हणून म्या हे घेतलं. थो यष्टीत बसला तं खिडकीतून वरडून सांगतलं, दोनच शब्द ध्यानात ठेव, लक्ष्मी चिखली. मायचं नाव हाये, नाही विसरणार." त्यांनी नोंदीचे पैसे गजांतून आत सरकवले. "त्याचा पत्ता माह्याजवळ नाही, बाबू. माहा त्याच्याजवळ हाये."

मी नोंदीवर शिक्का मारला.

मामांनी तो शब्द मरेपर्यंत सोडला नाही. तार काही आली नाही. नोंदीची मुदत संपली त्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच शेठचा मुनीम पायरीवर बसलेला होता.

आता लक्ष्मीला रोज तारा येतात, कापसाच्या गाठींच्या, बाजारभावाच्या. प्रत्येक तार उतरवून घेताना खालचं पाठवणाऱ्याचं नाव येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. आणि उद्या त्या पोराची तार आलीच, तर नियमाप्रमाणे मला ती शेठच्या पेढीवर पाठवावी लागेल.