पस्तीस किलोमीटर मागे

गाडी कशी निवडावी हे माझ्याकडून शिकावं! लोक रंग बघतात, शेजाऱ्याने कुठली घेतली ते बघतात आणि पसंत करून मोकळे होतात. मी चार महिने अभ्यास केला. घर ते ऑफिस पासष्ट किलोमीटर, परत येताना तेवढेच. नुसती बॅटरीवरची घेतली तर अर्ध्या वाटेत चार्जिंग संपायची धास्ती, नुसती पेट्रोलची घेतली तर रोज पंपाची वारी. म्हणून हायब्रिड! हळू चालली की बॅटरीवर, वेग घेतला की पेट्रोलवर, आणि ब्रेक दाबला की आपली आपणच चार्ज होते. शोरूममधला सेल्समन मला माहिती द्यायला आला आणि माझ्याकडून माहिती घेऊन गेला.

बायकोचा प्रश्न एकच होता. "अहो, मागे पाय पसरून बसता येईल ना?"

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. हॉस्पिटल माझ्याच रस्त्यावर, ऑफिसच्या पाच किलोमीटर अलीकडे. त्यामुळे रोजचा सव्वा तास आमचा दोघांचा. घरात बोलायला फुरसत नसते, ते सगळं गाडीत बोलून व्हायचं.

व्हायचं, म्हणजे जुन्या गाडीत. नव्या गाडीला स्क्रीन होती! स्क्रीनवर लिटरला किती किलोमीटर पडले त्याचा आकडा होता, आणि तो आकडा माझ्या डोक्यात बसला. चोवीस, पंचवीस, सव्वीस! मी एसी बंद केला. ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचो, जणू खाली बाळ झोपलंय. ट्रॅक्टर आम्हाला ओव्हरटेक करून जायचे आणि वर हॉर्न द्यायचे.

"अहो, ऐका ना, आज लॅबमध्ये..."

"थांब थांब, चढ आलाय!"

दुसऱ्या महिन्यात ती मागच्या सीटवर बसायला लागली. पुढे बसलं की आकडा बघून शाबासकी द्यावी लागते, म्हणाली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, वजन मागे गेल्याने ॲव्हरेजवर काय परिणाम होतो ते बघू या.

आणि मग तो दिवस आला. लॅबप्रमुखाच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, दहा वाजता. अकरा वर्षं ती त्या लॅबमध्ये राबली होती. आदल्या दिवशीच तिनं बजावलं, "उद्या गाडीत एक अक्षर बोलू नका. मला वाचायचंय." मी शब्द दिला. सकाळी ती शाल पांघरून, सर्टिफिकेटांची फाइल मांडीवर घेऊन मागे बसली.

पंचवीस किलोमीटरवर मी पंपावर थांबलो. हवा तपासायला! टायरमध्ये हवा कमी असली की ॲव्हरेज पडतं. मी गुडघे टेकून हवावाल्याशी एकेका पॉइंटसाठी हुज्जत घालत होतो. मागून काहीतरी "आलेच" असं कानावर आलं. मी "हं" म्हटलं. माझं "हं" हे ऐकल्याची पावती नसते, हे तिला ठाऊक असायला हवं होतं.

हवा भरून झाली. मी गाडीत बसलो. मागे शाल होती, पर्स होती, शांतता होती. बटण दाबलं आणि निघालो. आता जुनी गाडी असती तर सुरू होताना अख्खा पंप जागा झाला असता! ही बॅटरीवर निघाली, आवाज नाही, काही नाही. बाथरूममधल्या माणसाला काय कळणार?

शब्द दिला होता म्हणून चार मिनिटं गप्प बसलो. पाचव्या मिनिटाला म्हटलं, "एकच सांगतो हं. उतारावर ब्रेक हळूहळू दाबला ना, तर..." आणि सुरू झालो. नवल म्हणजे तिनं एकदाही थांबवलं नाही! जांभई नाही, "पुरे आता" नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, इतकं मन लावून तिनं माझं कधीच ऐकलं नव्हतं. मला भरून आलं.

मध्ये कुठल्या तरी अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. फोन आला की स्क्रीनवरचा आकडा झाकला जातो. मी कट केला. परत आला, परत कट. असे सात!

हॉस्पिटलच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि आकडा होता एकतीस. एकतीस! मी आनंदानं उतरलो, मागचं दार उघडलं आणि कमरेत वाकून म्हणालो, "या, लॅबप्रमुख मॅडम!"

फाटकावरचा वॉचमन जवळ आला. त्यानं आत डोकावून पाहिलं.

"साहेब, कोणाला उतरवताय?"

शाल. पर्स. फाइल. तेवढ्यात आठवा फोन आला.

"साहेब, हवावाला बोलतोय. तुमच्या मॅडम इथंच राहिल्यात." मग तिचा आवाज. अगदी शांत. तो ऐकूनच मला घाम फुटला. "अहो, फाइल गाडीत आहे ना? मग आता तुम्ही तिथेच..."

"आलोच! निघालोच!" मी फोन ठेवला आणि गाडी वळवली. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणायची माझी जुनी खोड आहे.

आयुष्यात पहिल्यांदा मी ती गाडी हाणली. एकतीसचा आकडा सव्वीसवर आला, मग एकवीसवर, आणि मला काही वाटलं नाही. खरंच नाही! पस्तीस किलोमीटर मागे पंपावर धापा टाकत पोहोचलो.

हवावाला म्हणाला, "मॅडम गेल्या की. दुधाच्या टेम्पोत बसवून दिलं. त्या म्हणत होत्या, साहेबांना सांगितलंय, फाइल घेऊन तिथेच थांबा."

म्हणजे दहाला पाच कमी असताना माझी बायको दुधाच्या टेम्पोतून हॉस्पिटलच्या दारात उतरली, आणि त्याच दारात नीट पोहोचलेली तिची फाइल मी पुन्हा पंपावर आणून ठेवली होती. सर्टिफिकेटं बघितल्याशिवाय मुलाखत नाही, म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनी फाइलसाठी साडेदहापर्यंत वाट पाहिली. मी ट्रॅफिकमधून वाट काढत अकराला दहा कमी असताना पोहोचलो. जागा तिच्या हाताखाली काम शिकलेल्या मुलीला मिळाली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. "असू दे," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून बसने जायला लागली. मी गाडीत एकटा. बोलायला कुणी नाही, गप्प बसवायलाही कुणी नाही. तिनं "अहो, ऐका ना" म्हणून सुरू केलेल्या आणि मी चढासाठी अडवलेल्या किती गोष्टी असतील, याचा हिशेब कुठल्याच स्क्रीनवर येत नाही. लाज वाटते मला.

गेल्या सोमवारी धीर करून तिच्या बसस्टॉपवर गेलो. बस उभीच होती. ती खिडकीशी बसली होती. मी खालून म्हणालो, "चल ना. एसी फुल्ल ठेवतो. स्क्रीनवर पुठ्ठा चिकटवलाय, शपथ! तू बोलायचं, मी नुसतं ऐकायचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसली असावी, निदान मी तसं धरून चाललोय.

"बस बरी आहे हो," ती म्हणाली. "निघण्याआधी कंडक्टर माणसं मोजतो."

आणि खरोखरच कंडक्टर पुढून मागेपर्यंत बोट नाचवत मोजत गेला. मग माझ्याकडे एकवार बघून त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोनदा मोजायची काही गरज नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे!