चोरांना प्रवेश नाही

दोन हजार सहाच्या दिवाळीत वर्ध्याच्या ताराचंद शेठनी आपल्या साड्यांच्या दुकानाची वेबसाइट काढली आणि थोड्याच दिवसांत त्यांची झोप उडाली. साइटवर जी साडी चढे, तीच हुबेहूब समोरच्या हेमराजच्या दुकानात काचेमागे लटके. भाव मात्र थोडा कमी.

"माल आपला पाहून राह्यला अन् गिऱ्हाईक आपलं नेऊन राह्यला! गजेंद्र, हाकल त्याले!"

गजेंद्र म्हणजे शेठचा साळा. स्वतःचा कॉम्प्युटर क्लास बुडवून तो दुकानात आला होता आणि साइट त्यानेच बनवली होती.

"सोपं आहे, भाऊजी. सर्वरवर एक फाइल राह्यते. साइटचा दरवानच समजा. कोणाले घ्याचं, कोणाले नाई, ते तिच्यात लिहून देलं का झालं."

"मंग लिही हेमराज!"

"नाव नाई चालत. इंटरनेटचा नंबर लागते. अन् हाकलल्यावर त्याले काय दिसलं पाह्यजे, तेही लिहिता येते."

शेठचे डोळे चमकले. "लिही, चोरांना प्रवेश नाही!"

गजेंद्रने नंबर हुडकून फाइलीत टाकला. चार दिवस बरे गेले आणि हेमराजच्या काचेत नवी मोरपंखी साडी झळकली. हे नंबर मधूनमधून बदलतात, हे गजेंद्रला तेव्हा कळले. मग त्याने त्या नंबराचे सगळे भाईबंदच बंद केले. त्यात अर्धा वर्धा गेला, पण साड्या काही थांबेनात. कोणीतरी सांगितले, हेमराजचा मेहुणा पुलगावला बसून पाहतो.

"एकेकाले काऊन हाकलत बसतं?" शेठनी टेबलावर हात आपटला. "साऱ्याइले बंद कर! आपल्यापुरती चालू ठेव."

गजेंद्रने तसे लिहिले. आता साइट जगात एकट्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडत असे. शेठ गादीवर बसून ती कौतुकाने पाहत. "काय झपाझप खुलते!" गिऱ्हाइकांचे फोन बंद पडले, तो दोष त्यांनी मंदीला दिला.

त्याच सुमारास शेठच्या गुंजनला हिंगणघाटच्या नानाजींच्या मुलाचे स्थळ आले. मुलगा गुंजनच्या मनात भरला होता, फक्त तिकडचा होकार यायचा होता. "आमची साइट आहे, घरबसल्या पहा," असे शेठनी नानाजींना मोठ्या तोऱ्यात सांगितले. नानाजींनी घरच्या सगळ्यांना, वर दोन शेजाऱ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवले. पडद्यावर ठळक अक्षरे आली.

दुसऱ्याच दिवशी नानाजी बायकोला घेऊन दुकानात हजर.

"सोयरीक करून राह्यले का पंचनामा? आम्हाले चोर म्हणता?"

"तुमच्या कॉम्प्युटरची खराबी असन, नानाजी! हे पाहा," म्हणत शेठनी घाईघाईने साइट उघडून दाखवली. साड्याच साड्या.

नानाजींनी पडद्याकडे बोट दाखवले. "म्हणजे साइट चांगली चालू आहे. फक्त आम्हीच चोर!"

ते तडक पायऱ्या उतरले. त्यांची जीप हेमराजच्या दुकानापुढे उभी होती. हेमराजने हात जोडून त्यांना आत नेले, हे गादीवरून शेठना स्वच्छ दिसले.

शेठच्या पत्नी सुलोचनाबाई आतून बाहेर आल्या. "हाकला! अजून कोणाले हाकलाचं राह्यलं?"

हेमराजने काय सांगितले, ते मागाहून कळले. शेठची बदनामी करायला तो टपूनच होता. "अजी, मलेही चोरच म्हणते ते! डॉक्टरले म्हणते, मास्तरले म्हणते, साऱ्या जगाले म्हणते," म्हणत त्याने आपल्या कॉम्प्युटरवर तीच अक्षरे दाखवली, वर बाजूच्या औषधवाल्याचीही साक्ष काढली. आपला एकट्याचा अपमान झालेला नाही, हे कळताच नानाजी ठसका लागेपर्यंत हसले.

अर्ध्या तासाने ते परत आले ते हसतच. "शेठ, सोयरीक पक्की! तुमच्या हेमराजनं वाचवली."

शेठनी त्यांना कडकडून मिठी मारली. मग लक्षात आले, विहीणबाई दिसत नाहीत.

"ते तिकडंच बसून आहे," नानाजी म्हणाले. "लग्नाचा सारा बस्ता हेमराजकडूनच घ्याचा म्हणते. वाईट नका वाटून घेऊ. तुमचा माल पाहाले भेटलाच नाई न आम्हाले."